अक्काचा डावा हात

एच. डी. कोटे,
१२ नोव्हेंबर १९७९

चि. तुळसीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची सवय आहे, पण आज तो लिहिणार नाही.

परवा शनिवारी तुझ्या चित्रांच्या उद्घाटनाला आम्ही दोघं आलो, ते तू पत्रावर पत्र लिहून बोलावलंस म्हणून. ह्यांनी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. आठवडाभर येईल त्याला सांगत होते, मेव्हणीचं प्रदर्शन आहे मैसूरला, यादवगिरीत, मोठी माणसं येणार आहेत. मी वांगी रंगाची सिल्क नेसले. बसमध्ये डब्यातली चिरोटी मोडू नयेत म्हणून डबा मांडीवर घेऊन बसले होते. तुला लहानपणापासून आवडतात म्हणून केली होती. तो डबा तिथंच कुठंतरी राहिला. परत पाठवू नकोस.

दारातून आत आलो आणि समोरच्या भिंतीवर मी. केस विंचरायला डावा हात वर केलेला, बाही घसरून खाली आलेली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तो डाग. इतका मोठा काढलास की मी स्वतःसुद्धा तो इतका मोठा कधी पाहिला नव्हता. खाली पाटीवर कन्नडात ‘गंडन मने’ आणि त्याखाली मराठीत ‘सासर’.

मी बाहेर पळायला हवं होतं. पण हे म्हणाले, तिचा आज दिवस आहे, थांबू या. म्हणून थांबलो. वंटिकोप्पलची कोण एक बाई माझ्याजवळ आली आणि हे तुम्हीच का म्हणून विचारायला लागली. मी हो म्हटलं. डाग कसला म्हणाली. मी म्हटलं, लग्न होऊन नुकतीच आले होते, वडे तळताना तेल उडालं. त्याच वेळी पलीकडे ते चष्मेवाले प्रोफेसर, अनंतकृष्ण की कोण, ते ह्यांना हेच विचारत होते, आणि हे सांगत होते की तिला लहानपणी कंदिलाची काच लागली. नेमकं तेव्हाच सगळे गप्प झालेले. दोन्ही उत्तरं सगळ्यांनी ऐकली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यात तू मधे आलीस. तू काय बोललीस ते तुला आठवत असेल, पण मी लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको. तू म्हणालीस, “भावजी, तुमची दोघांची उत्तरं जुळत नाहीत. अक्काच्या हाताला काय झालं ते आज सगळ्यांसमोर सांगून टाका.”

ह्यांनी कॉफीचा कप खिडकीत ठेवला आणि बाहेर पडले. बस येईपर्यंत स्टँडवर माझ्याकडे पाठ करून उभे होते. 

ते चित्र खाली उतरव. आणि इथं येऊन ह्यांच्या पाया पड. अष्टे, एवढंच, मला आणखी काही नको.

जयलक्ष्मी


मैसूर,
१५ नोव्हेंबर १९७९

ती. सौ. अक्कास,

साष्टांग नमस्कार.

तू आशीर्वाद लिहिला नाहीस. मी मात्र नमस्कार लिहिते आहे, कारण माझा राग तुझ्यावर नाही.

चित्र उतरवणार नाही.

तुला वाटतं मी तुझी नालस्ती करायला ते काढलं. मी अकरा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत कोटेला तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू बाळाला न्हाऊ घालत होतीस, आणि बाही वर सारली होतीस. तेव्हा मी तो डाग पहिल्यांदा पाहिला. मी विचारलं तर तू बाही खाली ओढलीस आणि म्हणालीस, तेल उडालं. अक्का, तेल उडालं तर ठिपके पडतात. इतका सरळ, पट्टीनं आखल्यासारखा डाग पडत नाही. हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, पण दिसलं होतं. लग्नाआधी तुझ्या हातावर काही नव्हतं. असतं तर एका घरात राहून मला कळलं नसतं का?

मग मी मोठी झाले, पुण्याला शिकायला गेले, परत आले, शाळेत मुलींना चित्रकला शिकवायला लागले. दर दिवाळीला तू माहेरी यायचीस ती लांब बाह्यांत. भर उकाड्यातही लांब बाह्या. भावजी शेजारी बसून पेपर वाचायचे आणि तुझ्याऐवजी तेच उत्तरं द्यायचे. मी कुणाला काही विचारलं नाही. ते चित्र काढायला लागले तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी केलं.

त्या संध्याकाळी मी जे बोलले ते आधी ठरवून बोलले नव्हते. पण बोलले त्याचा पश्चात्ताप नाही. एका माणसाच्या बायकोचा हात भाजतो आणि कसा भाजला ते त्याला ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून तो दुसरंच सांगतो. ह्यातलं काय खरं मानायचं ते तू सांग.

माझी खोली आहे. दोघींना पुरेल. निघावंसं वाटलं तर एक कपडाही न घेता ये.

तुझी,
तुळसी


एच. डी. कोटे,
२२ नोव्हेंबर १९७९

तुळसीस,

रविवारच्या पेपरात तुझ्या प्रोफेसरांनी लिहिलेलं इथं सोमवारी सकाळी पोचलं. इथं हॉटेलात एक पेपर सगळ्यांना पुरतो. त्यात छापलंय, ह्या चित्रातली स्त्री कोटे तालुक्यातल्या एका शिक्षकाची पत्नी आहे, आणि उद्घाटनाच्या वेळी तो शिक्षक एका साध्या प्रश्नाचं उत्तर न देता निघून गेला. कोटेत मैसूरची मेव्हणी असलेले, त्या शनिवारी रजा काढलेले किती शिक्षक असतील? गाव सांगायची काय गरज होती? ते तूच सांगितलंस ना त्यांना?

मंगळवारी तीन पालक शाळेत आले. मुलींची शाळा आहे. कुणी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की सर, आम्हाला तुमचा आदर आहे, पण घरात काय आहे ते एकदा कळू द्या. हे म्हणाले, माझ्या घरातलं मी शाळेत सांगणार नाही. त्याचा जो अर्थ व्हायचा तो झाला.

बुधवारी वर्गात फळ्यावर कुणीतरी एक हात काढून ठेवला होता. ह्यांनी तो स्वतः पुसला आणि धडा सुरू केला. हे मला ह्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या नागरत्नानं सांगितलं, तिची मुलगी त्याच वर्गात आहे.

तुझी खोली तुलाच लखलाभ. मला कुठून निघायचं नाही. पुन्हा सांगते, चित्र उतरव आणि त्या माणसाला लिहायला लाव की चूक झाली. आणि मला काही विचारू नकोस. काही गोष्टी विचारायच्या नसतात. सगळं उघडं करून पाहायची तुझी सवय चित्रापुरती ठेव.

जयलक्ष्मी


मैसूर,
२६ नोव्हेंबर १९७९

ती. सौ. अक्कास,

सा. न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ते तुझं वाटत नाही. कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतल्यासारखं वाटतं. तसं असलं तर ह्यापुढचं त्यांनीही वाचावं.

हो, कोटेचं नाव मी सांगितलं. अनंतकृष्णांनी विचारलं, मी खोटं का बोलू? फळ्यावरचा हात वाचून वाईट वाटलं. पण तू त्या फळ्याबद्दल एवढं लिहिलंस आणि स्वतःच्या हाताबद्दल एक ओळ लिहिली नाहीस.

इथल्या महिला मंडळाच्या बायका प्रदर्शनाला येऊन गेल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांच्यातल्या दोघी येत्या गुरुवारी कोटेला तुझ्याकडे येतील. त्यांच्यात एक वकील आहे. चांगल्या आहेत. त्यांच्याशी दार लावून बोल, भावजींना बाहेर बसव. तुझ्यावर काही जबरदस्ती नाही.

अक्का, मी एकच सांगते. आज आई असती तर तिनं तुला त्या घरात एक दिवस ठेवलं नसतं. बाबा गेले तेव्हा राजवाड्याच्या घोडदळातून काय मिळायचं ते थांबलं, आणि तिनं एकटीनं लोकांची पोलकी शिवून आपल्याला वाढवलं. इतकं सोसून तिनं आपल्याला कधी बोट लावलं नाही. अशा आईच्या मुलीनं दुसऱ्याच्या घरी मार खावा आणि वर त्याचीच बाजू घ्यावी, हे तिला सहन झालं नसतं. मला होत नाही.

तुळसी


एच. डी. कोटे,
१ डिसेंबर १९७९

तुळसी,

तुझ्या बायका आल्या होत्या. रस्त्यात दोन ठिकाणी मास्तरांचं घर कुठं म्हणून विचारून आल्या, म्हणजे न कळलेल्यांनाही कळलं. मी त्यांना कॉफी दिली आणि परत पाठवलं. काल शाळेच्या कमिटीनं ह्यांना सांगितलं की सगळं शांत होईपर्यंत घरी बसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे कामाच्या दिवशी धोतर नेसून पडवीत बसलेत. बाहेरून कुणी गेलं की आत येतात.

मी हे कधी लिहिणार नव्हते. तू लिहायला लावलंस. ‘तिनं आपल्याला कधी बोट लावलं नाही’ हे वाक्य तू लिहिलंस, आणि मी ते ह्यांच्यासमोर वाचलं. हे फक्त म्हणाले, तिला सांगायचं नाही असं तू आईला कबूल केलंयस. मी म्हटलं, पुरे झालं.

तर ऐक. तू चार वर्षांची होतीस, मी चौदा. आई शिवलेले कपडे पोचवायला गेली होती, तुला माझ्याकडे सोपवून. मी तुला घेऊन कुक्करहळ्ळी केरेवर गेले. पाण्यावर पक्षी उतरायचे ते मला पाहायचे होते. तू काठावरून घसरलीस. म्हशी धुणाऱ्या एका माणसानं उडी टाकून तुला बाहेर काढलं. इथपर्यंतची गोष्ट तुला पाठ आहे. आईनं तुला जेवताना, झोपताना किती वेळा सांगितली असेल, देवासारखा माणूस धावून आला म्हणून. ती गोष्ट ती तिथंच थांबवायची.

पुढचं असं. आपण घरी आलो. आई नुकतीच परतली होती, चुलीवर तवा होता. तिनं तुला पंच्यात गुंडाळलं आणि शेजारच्या गोदाकाकूच्या हातात दिलं. मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती ओरडली नाही, तिनं शिवी दिली नाही. उलथणं निखाऱ्यांत धरलं होतं. “हात पुढं कर,” म्हणाली. मी केला.

मग तिनंच लोणी लावलं. तीच रडत बसली. रात्रभर माझ्या हातावर फुंकर घालत होती. सकाळी म्हणाली, धाकटीला कधी कळता कामा नये. त्याच आठवड्यात तिनं मला लांब बाह्यांची दोन पोलकी शिवून दिली. तुला माझा हात का दिसला नाही म्हणून विचारतेस ना? आईनं शिवलेल्या बाहीत होता म्हणून.

लग्न झालं तेव्हा ह्यांनी विचारलं, मी सांगितलं. ह्यांनी आईला त्याबद्दल कधी वाकडा शब्द ऐकवला नाही. शेवटच्या आजारात ती माझ्याकडे होती. तू पुण्याला होतीस. तिला उचलून परसात नेणं, तिचं तोंड धुणं, सगळं ह्यांनी केलं. आणि लोकांना सांगायची गोष्ट आम्ही दोघांनी मिळून कधी ठरवली नव्हती, कारण दोघांना एकाच वेळी कुणी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं लोक तेवढे सभ्य होते. त्या संध्याकाळी मी आईला वाचवायला तेल म्हटलं, ह्यांनी आईलाच वाचवायला कंदील म्हटलं. आणि तू, तिच्या लाडक्या लेकीनं, ह्यांना चोरासारखं उभं केलंस.

आता तुझं चित्र घेऊन बस.

जयलक्ष्मी


मैसूर,
५ डिसेंबर १९७९

अक्का,

मी ह्यावर विश्वास ठेवत नाही.

आई आता उत्तर द्यायला नाही हे तुला सोयीचं आहे, आणि भावजींना त्याहून जास्त. नवऱ्याला सोडवायला तू आपल्या आईला पुढं केलंस. मार लपवणाऱ्या बायका काय काय करतात ते मी महिला मंडळात ऐकलं आहे, पण हे कुणी केल्याचं ऐकलं नव्हतं.

तू गोदाकाकूचं नाव घेतलंस. त्या अजून आपल्या जुन्या गल्लीत, अग्रहारात राहतात, आणि त्यांचे कान-डोळे शाबूत आहेत, हे विसरलीस वाटतं. मी त्यांच्याकडे जाते आहे. मग लिहीन. तोपर्यंत मला पत्र पाठवू नकोस.

तुळसी


मैसूर,
१२ डिसेंबर १९७९

ती. फत्तेसिंगराव भावजी यांस,

तुळसीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र अक्काला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण आधी तुमचं देणं आहे.

मी गोदाकाकूंकडे गेले होते. त्या ओसरीवर देवासाठी कापसाची वस्त्रं करत बसल्या होत्या. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, की अक्का असं असं म्हणते, हे खोटं आहे ना? त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला आणि उलट मलाच विचारलं की जयानं सांगितलं का? मी हो म्हटलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. मला पंच्यात धरून त्या आमच्या ओसरीवर उभ्या होत्या. आतून अक्काचा आवाज आला नाही, वास आला. त्या आत धावल्या आणि आईच्या हातातून उलथणं काढून घेतलं. आई तिथंच चुलीपाशी जमिनीवर बसली. गोदाकाकू मला म्हणाल्या, “शकुंतला दुष्ट नव्हती. तू मेलीस असं तिला घरी येईपर्यंत वाटत होतं.” मी विचारलं, मला इतकी वर्षं कुणी का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, तू लहान होतीस, आणि नंतर तू लहानच राहिलीस.

भावजी, मी त्या संध्याकाळी तुम्हाला सगळ्यांसमोर जे बोलले ते चूक होतं. पेपरात आलं ते चूक होतं. त्या बायकांना पाठवलं ते चूक होतं. माझ्या आईचं तुम्ही काय काय केलंत ते मला माहीत नव्हतं. मला क्षमा करा. तुम्ही म्हणाल ते करीन.

तुमची,
तुळसी


एच. डी. कोटे,
१६ डिसेंबर १९७९

चि. तुळसीस,

पत्र मिळालं. वाचून झाल्यावर मी ते तुझ्या अक्काला दाखवलेलं नाही.

तू मला प्रश्न विचारलास तेव्हा दालन माणसांनी भरलेलं होतं. क्षमा मागितलीस ती पाकीट चिकटवून. मी गणिताचा शिक्षक आहे. ह्या दोन बाजू समान झाल्या असं मला म्हणता येत नाही.

मला तुझ्याकडून काही नको. काय करायचं ते विचारून करू नये, सुचलं तर करावं.

शाळेतून अद्याप बोलावणं नाही. प्रकृती ठीक आहे.

फत्तेसिंगराव


मैसूर,
२४ डिसेंबर १९७९

ती. सौ. अक्कास,

सा. न.

तू वाचशील की नाही ठाऊक नाही, तरी लिहिते.

काल रविवारी उद्घाटनाला आलेल्यांपैकी जेवढ्यांची नावं आठवली त्या सगळ्यांना मी पुन्हा बोलावलं. काहींना घरी जाऊन सांगितलं. वंटिकोप्पलच्या बाई आल्या, महिला मंडळाच्या दोघी आल्या, अनंतकृष्ण आले. कोटेतल्या शाळेच्या कमिटीलाही मी पत्र पाठवलं होतं. त्यांच्यातले एक गृहस्थ आले, मागे दाराजवळ उभे राहिले.

मी चित्राखालची पाटी काढली आणि नवी लावली. कन्नडात ‘तवरु मने’, खाली ‘माहेर’. मग उभी राहून सांगितलं की माझ्या बहिणीच्या हातावरचा डाग तिच्या सासरचा नाही. तो आमच्या घरातला आहे. आमच्या आईनं रागात आणि भीतीत तो दिला, तेव्हा मी चार वर्षांची होते. माझे भावजी त्या दिवशी उत्तर न देता गेले ते माझ्या आईची अब्रू राखायला. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला.

 मग वकीलबाईंनी विचारलं, हे सांगायला तुमच्यावर कुणी दबाव आणला का? मी महिन्याभरापूर्वी तुझ्याबद्दल हेच म्हणत होते. मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं.

अनंतकृष्णांना पाटी आवडली नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, चित्राची ताकद पहिल्या नावात होती, आता ते एका घराची खाजगी गोष्ट झालं. बेंगळूरूच्या संग्रहासाठी त्यांनी ह्या चित्राची शिफारस केली होती, ती आता करता येणार नाही असंही म्हणाले. मी त्यांना म्हटलं, मी चुकीचं नाव दिलं होतं, तेवढंच छापा. ते छापतो म्हणालेत.

दाराजवळच्या गृहस्थांनी जाताना नमस्कार केला. तेवढ्यावरून मी आशा करते आहे.

प्रदर्शन जानेवारीअखेरपर्यंत आहे. त्यानंतर चित्राचं काय करायचं ते तू सांग. जाळ म्हणालीस तरी चालेल.

तुझी,
तुळसी


एच. डी. कोटे,
१७ जानेवारी १९८०

चि. तुळसीस,

संक्रांतीचा तीळगूळ, एळ्ळु-बेल्ल, ह्या वर्षी तुला पाठवलं नाही. विसरून नाही, मुद्दाम.

हे गेल्या सोमवारपासून शाळेत जातात. कमिटीनं बोलावून घेतलं, चुकलं असं कुणी म्हणालं नाही. दोन मुली दुसऱ्या शाळेत गेल्या त्या गेल्याच. तुझ्या प्रोफेसरांनी चार ओळी छापल्या, आतल्या पानावर, सिनेमाच्या जाहिरातीखाली. नागरत्नानं आणून दाखवल्या. पहिलं लिहिलेलं ज्यांनी वाचलं त्यांच्यातल्या निम्म्यांनी हे वाचलं नसेल.

ह्यांच्यावरचा आळ गेला, ते बरं झालं. पण तुळसी, तुला एवढंच करायचं होतं. माझी चूक झाली, भावजींचा ह्यात काही संबंध नाही, असं म्हणायचं, पाटी काढायची आणि खाली बसायचं. नवी पाटी लावायला कुणी सांगितलं? आईला मधे आणायला कुणी सांगितलं? मी सत्तावीस वर्षं जे बाहीत ठेवलं ते तू एका रविवारी दालनात मांडलंस, आणि वर तेही तुझ्याच तोंडानं. आता अग्रहारात जो तो गोदाकाकूंना विचारतो. ज्यांची पोलकी आईनं शिवली त्या बायका विचारतात. तिथं आईनं उभं आयुष्य मान खाली न घालता काढलं. पहिल्यांदा तू ह्यांना भिंतीवर टांगलंस, मग आईला टांगलंस. दोन्ही वेळा मी आत होतेच, आणि दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नाही.

तू गोदाकाकूंचं वाक्य ह्यांना लिहिलंस, की तू लहानच राहिलीस. ते पत्र ह्यांनी शेवटी मला दाखवलं. मी त्यात एक जोडते. तुला लहान ठेवण्यात माझाही हात होता. आता ठेवणार नाही. म्हणून इतकं कडक लिहिते आहे.

आता एक सांगते, ते तुला आनंद व्हावा म्हणून नाही. काल बुधवारी मी मैसूरला आले होते. ह्यांना सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडे जाते. गेले यादवगिरीला. तू शाळेत असशील अशा वेळी गेले. दालनात कुणी नव्हतं, एक रखवालदार खुर्चीत झोपला होता. मी चित्रासमोरच्या बाकावर बसले.

तू चांगलं काढतेस हे मला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी मी फक्त डाग पाहिला होता. मान, केस, बोटांत फणी धरायची माझी पद्धत, हे सगळं तू कुठून पाहून ठेवलंस? चेहरा अर्धाच दिसतो, पण त्यात दुःख नाही. केस विंचरणाऱ्या बाईचा असतो तसाच आहे. पाटी नसती तर लोकांना फक्त एक बाई केस विंचरताना दिसली असती. नावानं सगळा घोळ केला, पहिल्यानंही आणि दुसऱ्यानंही.

तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी आली. चित्रासमोर उभी राहिली, पाटी वाचली, मग माझ्याकडे वळून कन्नडात विचारलं, हा हात कुणाचा असेल हो?

मी म्हटलं, माझा.

तिला वाटलं मी चेष्टा करते. मी बाही वर सारली. पहिल्यांदाच कुणा परक्यासमोर. तिनं एकदा हाताकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. मग हळूच विचारलं, कसं झालं?

मी सांगितलं नाही. तेल नाही, कंदील नाही, आई नाही. म्हटलं, ते मी सांगत नसते. ती सॉरी म्हणाली आणि गेली. मी आणखी थोडा वेळ तशीच बसले, बाही खाली न करता, आणि मग बस पकडली.

चित्र जाळू नकोस. तुझ्याकडेही ठेवू नकोस. प्रदर्शन उतरलं की कापडात गुंडाळून कोटेच्या बसमध्ये ड्रायव्हरकडे दे, मी स्टँडवर उतरवून घेईन. पाटी काढून पाठव. ते माझ्या घरात कुठं लावायचं, की कपाटामागं ठेवायचं, ते मी बघेन.

तू स्वतः येऊ नकोस. इतक्यात नको. मी बोलावीन तेव्हा ये, आणि मी बोलावेपर्यंत कागदावर माझी एक रेघही ओढू नकोस.

जयलक्ष्मी